सतराचा पाढा म्हणत पहिले दहा किलोमीटर

पहिल्या दिवशी मी पुण्यात तळजाई टेकडीच्या रस्त्यावर पळायला सुरुवात केली आणि दीडशे मीटर, फार तर दोनशे, एवढ्यावर एका झाडाला धरून उभा राहिलो. वय ४२, वजन ८८ किलो, काम अकाउंट्सचं म्हणजे दिवसाचे नऊ तास खुर्चीत, आणि त्याआधी शेवटचं पळालो होतो ते स्वारगेटला बस पकडायला, ती पण सुटलीच. तर मी तिथे हा-हू करत उभा, डोळ्यापुढे काजवे, आणि मागून एक आजोबा आले, सत्तरीच्या पुढचे, ऑगस्टात कानटोपी, हातात काठी पण ती टेकत नव्हते, नुसती फिरवत होते. थांबले. माझ्याकडे बघितलं, मग मागच्या रस्त्याकडे वाकून बघितलं आणि विचारलं, "कोणी मागे लागलंय का?"

म्हटलं, नाही काका.

"मग एवढी घाई कसली?" आणि गेले पुढे. चालत.

तेव्हा जाम राग आला होता, पण पुढच्या चार महिन्यांत मी जे काही शिकलो ते सगळं त्या एका प्रश्नातच होतं. पहिली रेस पळायची असेल, अंग जड असेल, आयुष्यात कधी खेळला नसाल, तर तुमचा पहिला शत्रू पाय नाही, वजन नाही, वय पण नाही. आपण फार जोरात पळतो हा आहे. आणि आपण जोरात पळतो ते फिटनेससाठी नाही, लाजेपोटी. टेकडीवर लोक बघतायत, हळू पळालो तर हसतील, म्हणून शाळेतली शंभर मीटरची शर्यत असल्यासारखं सुटायचं, दोन मिनिटांत फेफे उडायची, आणि मग घरी येऊन सांगायचं की रनिंग आपल्याला सूट होत नाही. अहो, कोणालाच सूट होत नाही असं.

किती हळू पळायचं याची माझी चाचणी सांगतो, घड्याळ नको, ॲप नको. पळताना सतराचा पाढा म्हणायचा, मोठ्याने. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न. एका श्वासात दोन ओळी नीट म्हणता आल्या तर वेग बरोबर. चौतीसच्या "चौ" वर दम लागला तर जास्त जोरात पळताय, वेग कमी करा. कमी करूनही लागला तर चाला. पाढाच येत नसेल तर बायकोशी, नवऱ्याशी किंवा मित्राशी काल ऑफिसात काय झालं ते बोलत पळा, पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे एवढंच. सुरुवातीला हा वेग एक किलोमीटरला नऊ-साडेनऊ मिनिटं असा येईल, म्हणजे झपाझप चालणारी एखादी मावशी तुम्हाला सहज गाठेल. गाठू द्या.

यामागे कारण आहे, नुसतं समाधान नाही. हळू पळताना हृदय आणि फुप्फुसं आरामात काम करतात, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळून बराच वेळ चालायला शिकतं. आणि त्याहून महत्त्वाचं, दम लवकर सुधारतो पण हाडं आणि स्नायूबंध लवकर सुधारत नाहीत. पाचसहा आठवड्यांत तुम्हाला वाटतं की आता आपण भारी झालो, छाती तयार असते, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर अजून खुर्चीतल्या माणसाचीच असते, त्यांना महिनोन्‌महिने लागतात. बहुतेक नवशिके याच फटीत पडतात. मी पण पडलो, ते पुढे सांगतो.

माझी एक आत्या आहे, ६७ वर्षांची, दरवर्षी वारीला जाते. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, त्यात पुण्याहून सासवडचा दिवे घाटाचा टप्पा सगळ्यात मोठा, तीसेक किलोमीटर, आणि ही सगळं साध्या चपलेवर करते. तिला विचारलं की आत्या जमतं कसं, तर म्हणाली, "अरे मी कुठे चालते, मी नुसती थांबत नाही." वेगाचं याहून चांगलं ट्रेनिंग मला कोणी दिलेलं नाही.

आता कामाचं. सगळ्यात आधी डॉक्टर. चाळिशी ओलांडली असेल, बीपी किंवा शुगर असेल, घरात कोणाला लवकर हार्टचा त्रास झाला असेल, सिगारेट असेल, तर पळायच्या आधी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन या, ते सांगतील ईसीजी, स्ट्रेस टेस्ट करायची की नाही. आणि पळताना छातीत दुखलं, दाब वाटला, दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, चक्कर आली, तर ती ॲसिडिटी नाही, थांबा आणि सरळ हॉस्पिटल गाठा. हे लिहायला कंटाळा येतो, वाचायला पण येतो, तरी वाचा.

मग रेस निवडा आणि पैसे भरून टाका. पुण्यात रेसचा सीझन थंडीतला, पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन तर १९८३ पासूनची आहे, साधारण डिसेंबरच्या पहिल्या रविवारी असते, आणि तिच्या मागेपुढे इतर पण बऱ्याच छोट्या-मोठ्या रेस असतात. एक घोळ इथेच मिटवून टाकू: आपल्याकडे पाच किमी पळालेला माणूस पण "मॅरेथॉन पळालो" सांगतो. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किमी, हाफ म्हणजे त्याच्या निम्मं. तुमच्यासाठी पाच किंवा दहा. माझं प्रामाणिक मत, पहिली पाचच घ्या. पण तुम्ही घेणार नाही, कारण पाच सांगायला बरं वाटत नाही, मी पण घेतली नव्हती, म्हणून पुढचं सगळं दहाच्या हिशोबाने सांगतो. १५ ऑगस्टला झेंडावंदन करून सुरू केलंत तर डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत १६ आठवडे मिळतात, पुरतात.

पहिले दोन आठवडे पळायचंच नाही. आठवड्यातून चार दिवस ३०-४० मिनिटं झपझप चाला. हे लोक टाळतात कारण चालणं म्हणजे रिटायर झालेल्यांचं काम वाटतं, आणि तिथेच माती खातात. तिसऱ्या आठवड्यापासून पाच मिनिटं चालून अंग गरम करायचं, मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा, आणि शेवटी पुन्हा पाच मिनिटं चालायचं. बस. हे इतकं सोपं वाटेल की तुम्हाला फसवल्यासारखं होईल आणि तुम्ही मनाने वाढवाल, नका वाढवू. दोन आठवड्यांनी दोन मिनिटं पळा-दोन मिनिटं चाला, सातएक वेळा. मग चार पळा-दोन चाला. मग सहा पळा आणि एक चाला, आणि इथपर्यंत आलात की दहा किमी याच पद्धतीने पूर्ण होतात, सलग पळायलाच पाहिजे असा काही नियम नाहीये, रेसमध्ये चाललं तर कोणी आउट देत नाही. चालायचं मात्र दमायच्या आधी, ठरलेल्या मिनिटाला. दमून चालायला लागलात की पुन्हा पळायला मन होत नाही.

पळायचे दिवस तीन, मी मंगळवार, गुरुवार आणि रविवार ठेवले होते, लागून दोन दिवस पळायचं नाही एवढं बघा. रविवार लांबचा. पाचव्या आठवड्यात पळून-चालून मिळून चार किमी, मग दर रविवारी अर्धा किंवा फार तर एक किमी वाढवत जायचं, दर चौथ्या रविवारी मुद्दाम कमी करायचं म्हणजे शरीर जरा सावरतं, असं करत चौदाव्या आठवड्यापर्यंत साडेआठ-नऊ किमी. ट्रेनिंगमध्ये दहा पूर्ण करायची गरज नाही, शेवटचा एक किमी गर्दी आणि बँडवाले पळवतात. शेवटचे दहा दिवस निम्मं करायचं, आणि तेव्हा नेमकी तुम्हाला भीती वाटेल की आपलं काहीच झालं नाहीये, म्हणून जाऊन एक शेवटचं मोठं पळून याल. ते करू नका. त्या दहा दिवसांत फिटनेस वाढत नाही, फक्त थकवा उतरतो.

मधल्या दिवसांत आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं घरच्या घरी: जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली पंधरा वेळा, खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस पंधरा वेळा, पाठीवर झोपून कंबर उचलायची पंधरा वेळा. याच्या दोन-तीन फेऱ्या. यूट्यूबवर याच्या दहापट सापडेल, एवढंच करा, पण करा. पर्वती चढायची हौस असेल तर चढा, शंभरेक पायऱ्या आहेत, दमाला चांगलं, फक्त उतरताना धावू नका, मांड्या आणि गुडघे उतरतानाच जास्त मार खातात, दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना कळतं.

आता पुण्याचं खास संकट, ज्याचा कुठल्याच परदेशी प्लॅनमध्ये उल्लेख नसतो. सण. ऑगस्टात सुरू केलंत की लगेच गणपती येतात. दहा दिवस घरात पाहुणे, रात्री ढोल-ताशा, मोदक, सकाळी जाग येत नाही, आणि विसर्जनाच्या रात्री तुम्ही लक्ष्मी रोड-टिळक रोडला आठ-दहा तास उभे असता. ते गणपतीचे दहा दिवस प्लॅनमधून सरळ काढून टाका आणि मोकळ्या मनाने मोदक खा, फक्त त्या दिवसांत तीन वेळा अर्धा तास चालून या. नंतर जिथे सोडलं होतं त्याच्या एक पायरी मागे सुरू करा. दिवाळीत उलट करा, दिवाळीत सुट्टी असते, पहाटे उठणं पण होतंच, पण पाडव्याच्या आसपास फटाक्यांचा धूर सकाळी जमिनीलगत साठून राहतो, त्या दोन-तीन दिवशी बाहेर पळू नका, संध्याकाळी टेकडीवर जा. चकलीचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

बूट. यावर लोक जेवढं बोलतात तेवढं पळत नाहीत. महाग घ्यायची गरज नाही पण रनिंगचे घ्या, क्रिकेटचे, ऑफिसचे किंवा मुलाचे जुने नको. संध्याकाळी दुकानात जा कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो, उभं राहून बघा, सगळ्यात लांब बोटाच्या पुढे अंगठ्याएवढी जागा पाहिजे, आणि दुकानातच इकडून तिकडे चार वेळा पळा, सेल्समन बघू दे. मी नेहमीचा आठ नंबर घेतला होता, मोठ्या बोटाचं नख काळं झालं, मग नऊ घेतला. मोजे सुती नको, घाम धरून ठेवतात आणि फोड येतात, नायलॉन किंवा पॉलिस्टरचे घ्या. आणि व्हॅसलिन. मांड्या घासतात तिथे, काखेत, आणि पुरुषांनो, छातीवर सुद्धा. मी पहिल्यांदा पावसात सात किमी पळून घरी आलो तेव्हा पांढऱ्या टीशर्टवर पुढे दोन लाल ओघळ होते आणि सोसायटीचा वॉचमन मला लिफ्टपर्यंत सोडायला आला. बायकांनी बुटांच्या आधी चांगल्या स्पोर्ट्स ब्रावर पैसे घालावेत असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे, आणि ती माझ्यापेक्षा जोरात पळते.

कुठे पळायचं? याबाबतीत पुणेकर नशीबवान. तळजाई आणि पाचगाव पर्वतीचा भाग माझा घरचा, झाडी आहे, मोर ओरडतात, सकाळी सहाला एवढे लोक असतात की एकटं वाटत नाही. कोथरूड, पाषाण, सेनापती बापट रोड या बाजूच्यांना वेताळ टेकडी, पण तिथे वाट खडीची आणि चढ-उताराची, पहिले दोन महिने तिथे फक्त चाला. विद्यापीठाचा परिसर सावलीचा, फक्त बाहेरच्यांना आत सोडायचे नियम गेटवर विचारून घ्या. सारसबागेजवळ सणस मैदानाचा सिंथेटिक ट्रॅक आहे, ट्रॅकवर आतल्या लेनची एक फेरी ४०० मीटर, म्हणजे अडीच फेऱ्यांना एक किमी. ट्रॅकचा फायदा असा की मिनिटं आणि अंतर चोख कळतं, तोटा असा की दहाव्या फेरीला आपण कोलूच्या बैलासारखे दिसतो. रस्त्यावरच पळायचं असेल तर रविवारी सकाळी लवकर जंगली महाराज रोडचे रुंद फुटपाथ बरे, पण बाकी ठिकाणी फुटपाथवरच्या पेव्हर ब्लॉकपासून सावध राहा, एक निघालेला असतोच, पायाचा घोटा तिथेच मुरगळतो. समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, रस्त्याच्या कडेने पळा म्हणजे येणारा दिसतो, अंधारात उजळ रंगाचा टीशर्ट घाला, आणि कानात इअरफोन घालायचेच असतील तर एका कानात.

कुत्री. पहाटे पाचला गल्लीतली कुत्री तुम्हाला ओळखत नाहीत आणि पळणारा माणूस त्यांना चोर वाटतो. अंगावर आली तर पळायचं नाही, थांबायचं, डोळ्यात बघायचं नाही, हात खाली ठेवून हळूहळू बाजूला चालत निघायचं. दगड उचलायचं नाटक काही वेळा चालतं, काही वेळा उलटतं. चावलंच तर जखम नळाखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजचं इंजेक्शन घ्यायचं, नुसता ओरखडा असला तरी. हळद-चुना लावत बसू नका.

पाऊस थांबायची वाट बघाल तर सप्टेंबर संपेल. भुरभुर पावसात पळायला मजा येते, टोपी घाला म्हणजे डोळ्यात पाणी जात नाही, मोबाईल दुधाच्या धुतलेल्या पिशवीत. फक्त शेवाळ बघा, सोसायटीच्या पार्किंगच्या फरशीवर आणि टेकडीच्या दगडांवर असतं आणि दिसत नाही. घरी आल्यावर बुटातली आतली गादी काढून ठेवा आणि बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाभराने बदला, सकाळपर्यंत वाळतात. पावसाळ्यात डेंगी-मलेरिया-व्हायरल पण असतो, ताप असताना पळायचं नाही म्हणजे नाही, ताप गेल्यावर पण लगेच नाही, ताप अंगात असताना दमवलं तर हृदयाच्या स्नायूला सूज यायची भीती असते. घाम काढला की ताप जातो हे आजीचं शास्त्र गोधडीपुरतं ठेवा.

ऑक्टोबरची हीट सुरू झाली की वेग आपोआप पडेल, पडू द्या, पाढा म्हणता आला पाहिजे हाच नियम. तेव्हा लांबच्या रविवारी पाण्याची छोटी बाटली घ्या, तहान लागली की घोट-घोट प्या. उगाच ढसाढसा पिऊ नका, जास्त पाणी पिऊन रक्तातलं मीठ पातळ होणं हा पण एक धोका आहे. घरी आल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत बास.

पळायचं कसं, हे फार शिकवायला लागत नाही पण चार गोष्टी. पावलं छोटी टाका, पाय शरीराच्या पुढे लांब फेकू नका, पोटाखाली पडला पाहिजे. पाऊल आपटल्याचा आवाज येतोय का ऐका, धप-धप येत असेल तर पावलं अजून छोटी. खांदे कानापासून खाली. मुठीत भाजलेला पापड धरलाय समजा, मोडता कामा नये. आणि शाळेतल्या पीटीच्या सरांनी नाकानेच श्वास घ्या सांगितलं असेल तर विसरा, नाक-तोंड दोन्ही उघडं ठेवा, हवा आत गेल्याशी मतलब. पळायच्या आधी थंड पायांनी वाकून ताणत बसू नका, पाच मिनिटं चाला तेच वॉर्मअप, ताणायचं ते पळून आल्यावर. बरगडीखाली टोचलं तर चाला, जोरात फुंकर मारल्यासारखा श्वास सोडा, जातं.

आता माझी चूक. सातव्या आठवड्यात मी फोनवर स्ट्राव्हा टाकलं, म्हणजे कोण किती आणि किती वेगाने पळालं ते एकमेकांना दाखवणारं ॲप. ऑफिसातला एक ज्युनिअर, सत्तावीस वर्षांचा, त्याचा वेग दिसायला लागला आणि माझं डोकं फिरलं. एका गुरुवारी चार पळा-दोन चाला सोडून, गल्लीतल्या नवीन सिमेंटच्या रस्त्यावर सलग पाच किमी जोरात पळालो, पाढाबिढा काही नाही. भारी वाटलं, स्क्रीनशॉट पण पाठवला. शुक्रवारी सकाळी नडगीच्या आतल्या बाजूने खालच्या निम्म्या भागात बोट फिरवलं तरी कळ येत होती. बारा दिवस पळणं बंद, बर्फ लावणं, फक्त चालणं. ज्युनिअरने अंगठा पाठवला होता.

त्यातून दुखण्याचं एक गणित कळलं ते लिहून ठेवा. दोन्ही पायांत, पसरट, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठणकणारं, चालल्यावर मोकळं होणारं दुखणं म्हणजे स्नायू तयार होतायत, ठीक आहे. एका बाजूला, एका बोटाने दाखवता येणाऱ्या ठिकाणी, पळताना वाढत जाणारं किंवा लंगडायला लावणारं दुखणं म्हणजे थांबा. हाडावर बोट ठेवल्यावर नेमक्या एका बिंदूवर कळ येत असेल आणि रात्री झोपेत पण दुखत असेल तर ऑर्थोपेडिककडे जा, हाडाला बारीक तडा असू शकतो आणि तो सुरुवातीला एक्सरेत दिसत पण नाही कधीकधी. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या चार पावलांना टाच बोंबलत असेल तर तळव्याच्या शिरेचा त्रास, घरात अनवाणी फिरणं बंद, पायाखाली गार बाटली फिरवा, पोटऱ्या ताणा. पेनकिलर खाऊन पळायला जाऊ नका, म्हणजे धुराचा अलार्म काढून ठेवून गॅस चालू ठेवण्यासारखं आहे ते.

खाण्याचं थोडक्यात. अर्ध्या तासाच्या पळण्यासाठी आधी काही खायला लागत नाही, फार तर अर्धं केळं आणि नेहमीचा चहा. लांबच्या रविवारी केळं किंवा गूळ-शेंगदाण्याचा एक लाडू, अर्धा-पाऊण तास आधी. वजनाबद्दल मात्र स्वप्नं बघू नका: साधारण हिशोब असा की किलोमागे, किलोमीटरमागे एक कॅलरी, म्हणजे मी ८८ किलोचा तीन किमी पळालो की २६०-२६५, आणि टेकडी उतरल्यावर कोपऱ्यावर जो वडापाव असतो त्यात तेवढ्या सहज परत येतात. चार महिन्यांत माझं वजन साडेतीन किलो उतरलं, ते पण रविवारची मिसळ पंधरा दिवसांवर नेली तेव्हा.

उठण्याबद्दल एकच सांगतो. रात्री कपडे, मोजे, बूट, किल्ली दाराशी मांडून ठेवा. पहाटे सव्वापाचला तुम्ही निर्णय घ्यायच्या लायकीचे नसता, तेव्हा विचार करायला काही शिल्लकच ठेवायचं नाही.

रेसच्या आदल्या दिवशी बहुतेक ठिकाणी बिब, म्हणजे आपला नंबर छापलेला कागद, आणि टीशर्ट घ्यायला जावं लागतं, तिथे स्टॉल असतात, जेल, पावडर, पट्टे, नवीन बूट. काहीही घेतलंत तरी दुसऱ्या दिवशी वापरू नका. तो मिळालेला नवीन टीशर्ट पण नाही, शिवण कुठे घासेल सांगता येत नाही. रात्री वरण-भात किंवा खिचडी, आठ वाजता. झोप लागणार नाही, कोणालाच लागत नाही, आदल्याच्या आदल्या रात्री नीट झोपा. बिब छातीवर पुढे चार पिनांनी लावा, बऱ्याच रेसमध्ये टायमिंगची चिप त्याच्या मागेच चिकटवलेली असते, ती दुमडू नका, आणि मागे ब्लड ग्रुप आणि घरचा नंबर लिहायची जागा असते ती खरंच भरा. निदान तासभर आधी पोचा, रस्ते बंद असतात, रिक्षा अलीकडेच सोडतो, आणि टॉयलेटची रांग ही त्या दिवसातली खरी एन्ड्युरन्स टेस्ट.

उभं राहायचं सगळ्यात मागे. चिप असेल तर तुमची वेळ तुम्ही स्टार्टची रेघ ओलांडल्यापासून मोजतात, पुढे घुसून काही मिळत नाही. हॉर्न वाजला की ढोल वाजतो, सगळे सुटतात, आणि तुमचे पाय पण सुटतात. इथेच सगळं बिघडतं. पहिले दोन किमी सराव करताना पळायचात त्याच्यापेक्षा हळू, मोठ्याने पाढा, लोक वळून बघतात, बघू द्या. पहिल्या मिनिटांपासून ठरल्याप्रमाणे चाला पण, डाव्या कडेला येऊन, मागच्याला हात दाखवून. फ्लायओव्हर आला तर तो पुणेकरांचा घाटच समजा आणि चढावर बिनधास्त चाला. पाण्याच्या टेबलावर पहिल्या टेबलाला झुंबड असते, शेवटच्या टेबलाला जा, कप घेऊन चालत प्या.

आणि स्वतःची अर्धा लिटरची बाटली जवळ ठेवा. माझ्या पहिल्या रेसमध्ये सातव्या किलोमीटरला मी पोचलो तेव्हा टेबलावर नुसते चेंगरलेले कप होते, पाणी संपलं होतं आणि पोरं टेबल आवरत होती. मागे पळणाऱ्यांनी फी निम्मी भरलेली नसते हे आयोजकांना कोणीतरी सांगायला पाहिजे. एका काकूंनी गॅलरीतून बघितलं, खाली येऊन तांब्या-भांडं घेऊन उभ्या राहिल्या, मी आणि अजून तिघं-चौघं त्या भांड्याने पाणी प्यायलो. पेठेत अजून असं होतं.

मला १ तास ३४ मिनिटं लागली. घरी आल्यावर आईने विचारलं, "कितवा आलास?" हे प्रत्येकाला विचारतात, उत्तर तयार ठेवा. मी खरा नंबर सांगितला, तो चार आकडी होता, ती म्हणाली, "बरं, आंघोळ कर."

रेघ ओलांडली की लगेच बसू नका, दहा मिनिटं चालत राहा, नाहीतर रक्त पायात साचून चक्कर येते. केळं, पाणी, काहीतरी खारट. कोरडा शर्ट बरोबर न्या, डिसेंबरात घामेजलेल्या अंगाला पाच मिनिटांत हुडहुडी भरते. मेडल घालून अमृततुल्यमध्ये चहा प्यायला माझी हरकत नाही, मी दोन प्यायले. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरून, जमलं तर उलटं तोंड करून उतरा, हसतील, पण मांड्या वाचतात. दोन दिवस नुसतं चाला, गुरुवार-शुक्रवारी वीस मिनिटं हळू पळून बघा. आणि पायाचं एखादं नख काळं झालं असेल तर ओढू नका, खाली नवीन यायला लागलं की ते आपलं आपण पडतं, माझं संक्रांतीनंतर पडलं.